चला, पाण्यातली झाडे पाहायला



येत्या रविवारी कॉलेजातले काही शिक्षक व विद्यार्थी हतनूरच्या जलाशयावर जाणार आहेत. पाण्यातल्या झाडांचा अभ्यास करायचा आहे. भुसावळ तालुक्यात तापी नदीवर हे धरण आहे. त्यांनी आपल्या वर्गालाही बोलावले आहे. कोणी म्हणेल, “शिकल्यासवरल्या लोकांत आमचे काय काम?” काम आहे, आणि मोठे आहे. ऐका.

पाण्यातली झाडे अनेक तऱ्हेची. कमळ आणि शिंगाडा यांची मुळे चिखलात, पाने पाण्यावर. पाणकणीस काठाला उभे असते. काही झाडे साफ बुडालेली असतात. ऊन पडले की ती पाण्यात प्राणवायू सोडतात. तो माशांच्या कामी येतो.

आणि एक आहे जलपर्णी. ती पाण्यावर तरंगते. फुले जांभळी, दिसायला गोजिरी. मूळची दक्षिण अमेरिकेची. शोभेसाठी लोकांनी ती देशोदेशी नेली. गावाच्या सांडपाण्यावर ती पोसते आणि भराभर वाढते. सारे तळे झाकून टाकते. मग खाली ऊन पोचत नाही. बुडालेली झाडे मरतात, मासे गुदमरतात, डास वाढतात. तिचे बी चिखलात अनेक वर्षे टिकते. म्हणून थोडी आहे तोवर, फूल येण्याआधीच ती काढावी. पण ओळखच नसेल तर? चांगले झाड उपटू आणि वैरी ठेवू!

शिक्षक मंडळी झाडाची फांदी कागदात दाबून वाळवतात. सोबत चिठ्ठी लावतात. झाड कोणते, कुठे मिळाले, कोणत्या दिवशी मिळाले, हे त्यावर लिहितात. चिठ्ठी नसेल तर तो नुसता पाचोळा! पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे कार्यालय 1955 पासून आहे. तिथे अशी वाळवलेली झाडे जपून ठेवतात.

सातारा जिल्ह्यात कासच्या पठारावर पावसाळी डबक्यांत वायतुरा उगवतो. त्याचा तुरा दुभंगलेला असतो. गुराख्यांनी तो कितीदा तरी पाहिला असेल. पण शास्त्राच्या वहीत त्याची नोंद झाली 1982 साली. त्याच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव आहे.

आता सांगा, एखाद्या झाडाला आपल्याकडे काय म्हणतात? गुरे ते खातात का? कोणत्या महिन्यात ते दिसते? हे भोईदादाला ठाऊक, गुरे राखणाऱ्या आजीला ठाऊक. आजवर हे ज्ञान तोंडी राहिले. माणूस गेला की तेही गेले. आता तुम्हाला लिहिता येते. तेव्हा चिठ्ठी तुम्ही लिहा.

काही गोष्टी मात्र पाळा. गाळ फसवा असतो, एकट्याने पाण्यात उतरू नका. लागेल तेवढेच तोडा. एका तळ्याचे झाड दुसऱ्या तळ्यात टाकू नका. निघताना पाय आणि जाळे धुऊन घ्या.

हतनूर पाहून आलात की आपल्या गावचे तळे नव्या नजरेने पाहा. जळगावचे लोक मेहरुण तलाव पाहतील, धुळ्याचे नकाणे पाहतील. वैरी दिसला तर वेळीच दहाजण मिळून काढा.

तर मग रविवारी भाकरी बांधून घ्या. वही आणि पेन्सिल विसरू नका. राम राम.