पाटीवर कुणाचं नाव?

नोकरी करता करता छोटा धंदा चालवणारी घरं आपल्या नवी मुंबईत जागोजागी आहेत. कुणी वाशीच्या मसाला मार्केटातून मिरची-धणे आणून घरगुती मसाला विकतं, कुणी डबे पुरवतं, कुणी शिकवण्या घेतं. महिन्याचा पगार हेच त्यांचं भांडवल. धंद्यात खोट आली तरी घराचा हप्ता थांबत नाही. कवितेवर चूल पेटत नाही, म्हणून मीही नोकरी सांभाळूनच लिहीत आलो. ही कसरत मला परकी नाही.

या वाटेवरचं मोठं नाव लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. नोकरी चालू असतानाच ते मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवायचे आणि तिथं त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकायचे. १८८८ साली सुरू झालेल्या त्या व्यवसायाचं नाव पडलं 'किर्लोस्कर ब्रदर्स'. पुढं बढतीत डावललं गेलं तेव्हा लक्ष्मणराव नोकरी सोडू शकले, कारण बेळगावचं दुकान उभं होतं. लोखंडी नांगर आणि १९१० सालची किर्लोस्करवाडी त्यानंतरची.

जवळचा दाखला हवा तर नवी मुंबईतल्या 'दास ऑफशोअर'चा घ्या. सांगली जिल्ह्यातल्या पेड गावचे दत्ता, अशोक आणि सुरेश खाडे हे तिघं भाऊ माझगाव डॉकमध्ये नोकरीला होते. तिथं हाताला बसलेल्या कामाच्या बळावर त्यांनी समुद्रातल्या तेलविहिरींचे प्लॅटफॉर्म बांधणारी कंपनी उभी केली. तिघांच्या नावांची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'दास' होतं.

दोन्ही पाट्यांवर राबणाऱ्या सगळ्यांची नावं आहेत. आपल्याकडं तसं होतं का? भरदुपारी गिऱ्हाईकाचा फोन येतो तेव्हा नोकरदार ऑफिसात असतो. फोन घरची बाई घेते. मसाला तीच भाजते, पाकिटं तीच भरते, उधारीही तिच्याच लक्षात असते. कार्डावर नाव मात्र साहेबांचं. उद्या कर्जासाठी बँकेत जायची वेळ आली तर कागदोपत्री ती कुणीच नसते.

म्हणून सांगतो, धंदा ती चालवत असेल तर कागदही तिच्याच नावानं करा. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, तिला फी नाही. बँकेत व्यवसायाचं खातंही तिच्याच नावे उघडा. दोघं मिळून राबत असाल तर भागीदारी लिहून ठेवा. घरातल्या घरात कशाला कागद, असं म्हणू नका.

आणि मालकाचे तास ही अमानत आहे. त्या वेळात आपला माल विकू नये, त्याचं गिऱ्हाईक फोडू नये. नेमणूकपत्रातल्या अटी आधी वाचाव्यात. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार तर कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय व्यापार करता येत नाही. घरातल्या कुणी धंदा केला तर तेही कार्यालयाला कळवावं लागतं. कळवायला लाजू नये. बायकोचा धंदा आहे, हे वरिष्ठांना लिहून देताना मान ताठ असावी.