बार्शी रोड ते कुर्डुवाडी

(कुर्डुवाडी येथील नागरिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपले गाव रुळांनी वसवले. मुंबई-मद्रास मार्गावरील या स्थानकाचे मूळ नाव ‘बार्शी रोड’. बार्शीच्या पेठेकडे जाण्यासाठी उतरण्याचे ठिकाण, एवढीच त्याची ओळख! १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने येथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांवरून गाडी सुरू केली. त्याचा हिशेब सरळ होता. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही. मग हलके रूळ पुरतात आणि गरीब मुलखातही रेल्वे परवडते. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. तोवर पंढरीचा वारकरी येथे उतरून पन्नासेक किलोमीटर पायी किंवा बैलगाडीने जात असे. कंपनी मात्र विलायतेची. ती सरकारच्या ताब्यात आली १९५४ साली.

या शतकाच्या आरंभीच्या दहा-बारा वर्षांत हे सारे रूळ रुंद झाले. त्याबद्दल हळहळणाऱ्यांनी एप्रिल २०१६ आठवावा. तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची गाडी गेली ती याच मार्गाने. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी गेले. अरुंद रुळांवर त्या वाघिणी चढल्याच नसत्या.

परंतु एक गोष्ट हातची निसटते आहे. येथील कारखान्यात लहान गाडीची इंजिने आणि डबे दुरुस्त करणारे फिटर, लोहार, खलाशी आज वार्धक्याकडे झुकले आहेत. सुटा भाग मिळेना तर तो येथेच कसा घडवायचा, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही, त्यांच्या हातांत आहे. कॅलथ्रॉपचे नाव इंग्लंडातील रेल्वेवेडे आदराने घेतात. आपल्या शाळेतील मुलांना ते ठाऊक असेल का, याची मला शंका आहे.

रेल्वेकडे मागण्या जरूर कराव्यात. आषाढीला गाडी बदलणाऱ्या माउलींना फलाटावर पिण्याचे पाणी आणि स्वच्छ शौचालय मिळालेच पाहिजे, रात्री एकट्या उतरणाऱ्या भगिनीला उजेड मिळालाच पाहिजे. वृद्ध कामगारांच्या आठवणी टिपण्यासाठी मात्र कोणाच्या मंजुरीची गरज नाही. एक वही, एक ध्वनिमुद्रक आणि रविवारची दुपार पुरे. घरोघरी जुने पास, बिल्ले, छायाचित्रे असतील. ती रद्दीत जाण्यापूर्वी वाचनालयातील एक कपाट त्यांच्यासाठी मोकळे करावे. तरुणांनी येत्या रविवारपासूनच आरंभ करावा. वयाने सर्वांत ज्येष्ठ असलेल्यांकडे प्रथम जावे.