शेवटचा काळा चेंडू

श्रोतेहो, मी कवी माणूस. खेळावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? पण कविसंमेलनात मध्यरात्र उलटल्यावर ज्याचं नाव पुकारलं जातं, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. त्या वेळी माणसं जागी ठेवणं सोपं नसतं. म्हणून एका खेळानं गाजवलेली मध्यरात्र आज तुम्हाला सांगतो.

स्नूकरचा जन्म आपल्याकडचा. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं तो खेळ काढला, असं मानतात. त्याची जागतिक स्पर्धा १९७७पासून इंग्लंडमधल्या शेफील्डच्या क्रुसिबल नाट्यगृहात भरत आली आहे.

१९८५चा एप्रिल. अंतिम सामन्यात एकीकडे स्टीव्ह डेव्हिस, तीनदा जगज्जेता झालेला. दुसरीकडे उत्तर आयर्लंडमधल्या कोलआयलंडचा डेनिस टेलर. खेळताना नीट दिसावं म्हणून त्याच्या नाकावर उलट्या बसवल्यासारखा दिसणारा मोठा चष्मा. आदल्याच वर्षी त्याची आई गेली होती.

आधी अठरा डाव जिंकेल तो विजेता. डेव्हिसनं पहिले आठही डाव घेतले. लोकांनी सामना संपला असंच धरलं असणार. पण टेलर खचला नाही. पहिला दिवस संपला तेव्हा ९-७ झाले होते. दुसऱ्या दिवशी डेव्हिस १७-१५ असा पुढे गेला आणि टेलरनं १७-१७ अशी बरोबरी साधली.

शेवटचा डाव तासाहून जास्त चालला. चार रंगीत चेंडू उरले, तेव्हा डेव्हिस ६२, टेलर ४४. टेलरला चारही हवे होते. तपकिरी गेला, निळा गेला, गुलाबी गेला. आता ६२-५९. उरला फक्त काळा, सात गुणांचा. तो ज्याचा, त्याचं जगज्जेतेपद.

टेलरचे प्रयत्न हुकले. मग डेव्हिसला संधी आली. चेंडूला अगदी निसटता स्पर्श हवा होता. तो जरा जास्तच निसटता झाला. टेलर पुन्हा टेबलापाशी आला आणि काळा चेंडू खिशात गेला. संपूर्ण सामन्यात तो आघाडीवर आला तो या एका फटक्यानं! त्यानं क्यू दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. मध्यरात्र उलटून गेली होती आणि ब्रिटनमध्ये एक कोटी पंच्याऐंशी लाख माणसं दूरदर्शन संचापुढे जागी होती. म्हणजे साधारण तिघांमागे एक.

टेलरला ते विजेतेपद पुन्हा कधी मिळालं नाही. डेव्हिसनं नंतर आणखी तीनदा ते जिंकलं. तरीही लोक दोघांची आठवण काढतात ती याच रात्रीसाठी. मला मात्र राहून राहून डेव्हिसच दिसतो, चूक झाल्यावर खुर्चीत बसलेला. आता हातात काही नाही, समोरच्याचा फटका फक्त पाहायचा. जिंकणाऱ्यासाठी टाळ्या असतात. हरणाऱ्याला ते क्षण एकट्यानंच बसून काढावे लागतात. तो उठून गेला नाही, हेही लक्षात ठेवावं.