पेटीतली पत्रं विकण्याआधी

आम्ही कशेडीच्या बचत गटातल्या बाया. आज पापड-मसाल्याचं किंवा कर्जफेडीचं काही सांगणार नाही. आज बोलायचंय ते घरातल्या जुन्या पेटीबद्दल, आणि पेटीतल्या पत्रांवरच्या टपालतिकिटांबद्दल.

आपल्या महाड-पोलादपूरकडे अशी पेटी बऱ्याच घरांत असते. घरचा माणूस मुंबईला गिरणीत, गोदीत, नाहीतर पलटणीत. घर चालायचं मनीऑर्डरवर आणि डोळे लागायचे पोस्टमनच्या वाटेला. आलेली पत्रं कुणी फेकली नाहीत, पेटीत ठेवली.

गेल्या वैशाखात जुन्या वस्तू घेणारा एकजण वाडीत आला. आमच्या गटातल्या आजींची पेटी बघून म्हणाला, "सगळी पत्रं द्या, पाचशे रुपये देतो." आजींना घरावरचे पत्रे बदलायचे होते आणि पाऊस तोंडावर आला होता. त्या म्हणाल्या, "रद्दीचे पाचशे मिळतायत, तर देऊन टाकते." आम्ही म्हटलं, "आजी, आठ दिवस थांबा." त्या आठ दिवसांत आम्ही चौकशी केली. गटातल्या एका वहिनींचा भाऊ मुंबईत राहतो, तिकिटं जमवतो, लिलावालाही जातो. त्यानं फोनवर बरंच समजावलं. तेच तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, जुनं म्हणजे महागच असं नाही. ते किती उरलंय आणि किती जणांना हवंय, यावर किंमत ठरते. आपल्याकडची पहिली टपालतिकिटं १८५२ साली सिंध प्रांतात निघाली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. त्यातली लाल लाखेची तिकिटं ठिसूळ, पत्र उघडताना तुटायची. म्हणून फार थोडी उरली आणि म्हणून ती मोलाची.

गांधीजींच्या तिकिटांचंही तसंच. बापू गेले त्या वर्षी, १५ ऑगस्ट १९४८ ला, त्यांच्या चित्राची चार तिकिटं निघाली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छापली होती स्वित्झर्लंडमध्ये. दीड आण्याचं तिकीट गावोगाव पोचलं, त्यामुळे ते आजही सहज मिळतं. पण त्या काळी दहा रुपयांचं तिकीट पत्राला कोण लावणार? म्हणून ते कमी. त्याच तिकिटांवर 'सर्व्हिस' असा शिक्का मारून गव्हर्नर जनरलांच्या कचेरीसाठी प्रत्येकी फक्त शंभर केली होती. त्यातली दहा रुपयांची चार तिकिटं २०१७ साली पाच लाख पौंडांना विकली गेली. असं ऐकलं की प्रत्येकीला आपल्या पेटीत लाख दिसायला लागतात. आम्हालाही दिसले. आजींच्या पेटीत निघालं ते दीड आण्याचंच.

आपल्या शेजारचंही एक सांगतो. वरंध घाट चढला की भोर. हे पंत सचिवांचं संस्थान, सुधागडही त्यांच्याकडेच होतं. या संस्थानानं १८७९ साली अर्ध्या आण्याची आणि एका आण्याची स्वतःची तिकिटं काढली, हातानं ठसा मारून. पुढं १९०१ साली शंकरराव पंत सचिवांच्या चित्राचं तिकीट आलं. अशा संस्थानी तिकिटांच्या नकलाही पुष्कळ निघतात. म्हणून जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नये नि विकूही नये.

आता लिलाव. गणपतीत देवापुढच्या नारळाचा लिलाव आपण पाहतो. तीस रुपयांचा नारळ अकराशेला जातो, कारण दोघं हट्टाला पेटलेले असतात. एकालाच हवा असता तर तेवढ्यावर गेला नसता. तिकिटांचंही तेच. लिलाववाले आधी यादी छापतात. प्रत्येक वस्तूला नंबर, तिची अवस्था, कमीत कमी बोली. आधी वस्तू बघायला मिळते. मग बोली चढत जाते, आता मोबाईलवरूनही लावता येते. घेणाऱ्यानं आपला आकडा घरीच ठरवून जावं आणि त्यावर गप्प बसावं.

हिशेब मात्र नीट करा. बोलीच्या रकमेवर घेणाऱ्याला कमिशन आणि कर वेगळा भरावा लागतो. विकणाऱ्याच्या रकमेतूनही कमिशन कापतात. समजा, बोली हजारावर थांबली आणि शेकडा पंधरा कापले, तर हातात साडेआठशे. त्यातून मुंबईची एसटी. म्हणून कमिशन किती, पैसे कधी, वस्तू विकली नाही तर परत कशी, हे आधी लेखी घ्यावं.

आणि कात्री लावू नका. आजींच्या नातवानं शाळेच्या वहीसाठी बापूंचं तिकीट पाकिटावरून कापलं होतं. पोस्टाचा शिक्का अर्धा पाकिटावर राहिला, तारीख गेली. जमवणाऱ्याला तिकीट, शिक्का, पत्ता असं अख्खं पाकीट हवं असतं. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. आपल्याकडच्या पावसात कागदाला बुरशी येते, कसर लागते. कोरड्या डब्यात ठेवा, पाऊस सरला की सावलीत वारा द्या.

आता आजींचं काय झालं ते. पेटीत जास्त होती आंतर्देशीय पत्रं. त्याचं तिकीट कागदावरच छापलेलं आणि मजकूरही त्याच कागदावर. विकायचं तर नवऱ्याचं बोलणंही विकावं लागणार. आजींना वाचता येत नाही. म्हणून आम्ही दोन दुपारी बसून त्यांना पत्रं वाचून दाखवली. गिरणीची पाळी, खोलीचं भाडं, "म्हशीला पेंड कमी पडू देऊ नको", आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी "पोरीला शाळेत घाल". आजी ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे परक्या माणसानं कशाला वाचायचं?"

मग आजींनी मजकूर नसलेली आठ रिकामी पाकिटं वेगळी काढली. ती वहिनींच्या भावाकडे दिली आहेत, जे येईल ते येईल. पत्रं पेटीतच राहिली. पत्र्यांसाठी गटानं आठ हजारांचं कर्ज दिलं, आजी महिन्याच्या महिन्याला फेडतायत. पावसाच्या आत घर शाकारून झालं.

विकणं वाईट असं आम्ही म्हणत नाही. गरजेला वस्तू उपयोगी पडावीच. पण दारात आलेल्या माणसाच्या घाईनं विकू नका. आधी गटात आणा, उघडा, वाचा, मग ठरवा. आणि अडचण असेल तर सांगा. गट आहे तो त्यासाठीच.

राम राम.