रात्रपाळीची हजेरी



या व्यासपीठावरून आपण विद्वानांची भाषणे ऐकत आला आहात. मी विद्वान नव्हे. माझे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे यंत्रमागावर, सार्वजनिक वाचनालयात आणि संपाच्या मांडवात झाले. तेव्हा मला जे थोडेफार कळते त्याविषयीच, म्हणजे रात्रपाळीविषयी, मी बोलणार आहे. मात्र ही रात्रपाळी कारखान्यातली नव्हे. इस्पितळाच्या अपघात विभागात उभ्या असलेल्या परिचारिकेची आहे.

रात्रपाळी म्हणजे काय हे सोलापूरकरांना सांगायला नको. हे शहर गिरणीच्या भोंग्यावर उठले आणि निजले. गिरण्या बंद पडल्या, भोंगे मुके झाले. पण पूर्व भागातले माग अजून रात्री खडखडतात. माझे वडील रात्रपाळी करून घरी आले की आई आम्हा भावंडांना बाहेर पिटाळी. पत्र्याच्या खोलीत दिवसाची झोप किती महाग असते हे तिला ठाऊक होते. एवढे आपणा सर्वांना कळते. पण मध्यरात्री ज्या बाईच्या हाती आपण आपले माणूस सोपवतो, तीही पाळीवरची कामगारच आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. माझ्याही आले नव्हते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तरुण मागवाल्याचा हात यंत्रात सापडला. रात्रीचे दोन वाजले होते. आम्ही चौघे-पाच जण त्याला उचलून एका इस्पितळात धावलो. पोरगा ओरडत होता, आणि त्याच्याहून मोठ्याने मी ओरडत होतो. सिस्टरने जखमेवर पट्टी दाबली, हात उंच धरायला लावला, नाडी पाहिली, आणि ती तडक कोपऱ्यातल्या बाकाकडे गेली. तेथे एक वयस्क गृहस्थ घामाने भिजून मुकाट बसले होते. मी संतापून म्हणालो, "आमचं पोर रक्तानं भिजलंय, आणि तुम्ही तिकडं कुठं?" ती मागे न पाहता म्हणाली, "दादा, जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. गप्प बसलेल्याला आधी बघू द्या."

त्या गृहस्थांना हृदयविकाराचा झटका आला होता. ते वाचले. पोराची दोन बोटे गेली, हात वाचला. पहाटे मी तिची माफी मागायला गेलो, आणि युनियनच्या सवयीने विचारले, "आज पाळीला किती जणी?" ती म्हणाली, "मी, आणि एक शिकाऊ मुलगी."

आधी कोणाला पाहायचे हे ठरवणे, हेच त्या विभागातले मोठे कसब. पावसाळ्यात शेतातून सर्पदंशाचा रोगी येतो. त्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत वीस मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही, तर विषाचा परिणाम रक्तावर झाला असे समजतात. कीटकनाशक प्यालेला येतो. त्याला अ‍ॅट्रोपीन चालू असताना नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, छातीतली घरघर पुन्हा पुन्हा पाहावी लागते. महामार्गावरचा अपघात आला तर पोलिसांसाठी नोंद निराळीच. आता सांगा, एकाची नळी वीस मिनिटे सांभाळायची, आणि त्याच वीस मिनिटांत दुसऱ्याची नाडी सोडायची नाही, याला हात किती लागतील? हा प्रश्न दयेचा नव्हे, गणिताचा आहे.

गणित मांडलेलेही आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातील सामान्य वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका, इतरत्र पाच खाटांमागे एक, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. अपघात विभागाला तर त्याहून अधिक मनुष्यबळ हवे. पण रात्री दोन वाजता हे मोजायला कोण जातो? अनेक ठिकाणी ही पाळी रात्री आठ ते सकाळी आठ, अशी बारा तासांची असते. आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, व पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळीचे काम बहुधा कर्करोगास कारण होणाऱ्या गोष्टींच्या गटात घातले आहे.

या बायका भित्र्या नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले. त्या वेळी कामावर असलेल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाचे दरवाजे ओढून घेतले आणि वीस गरोदर स्त्रियांना आतल्या लहान खोलीत हलवले. त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहापर्यंत नेले. तिकडे गोळीबार चालू होता! धैर्याची याहून मोठी परीक्षा कोणती?

पण बंधूंनो, धैर्याची स्तुती ही कधी कधी मालकाची सोय असते. 'सिस्टर म्हणजे देवी' असे म्हटले, की देवीला जेवणाची सुट्टी लागत नाही, आणि कपडे बदलायला कडी असलेली खोलीही लागत नाही. १९७३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तळघरात कपडे बदलताना हल्ला झाला. पुढे २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत सहकारी परिचारिकांनी त्यांना सांभाळले. त्या सेवेला आपण वंदन करतो. पण तळघरात कपडे बदलण्याची पाळी का यावी, हे विचारायला विसरतो. २०२० साली आपण थाळ्या वाजवल्या. थाळी वाजवल्याने पाळीवर एक माणूस वाढत नाही.

तेव्हा माझे मागणे थोडके आहे. रोग्याबरोबर एकानेच आत जावे. बाकीच्यांनी बाहेर थांबावे. सिस्टरवर हात उगारणे हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याआधी आपली लाज जागी असावी. आणि आपल्या नगरसेवकाला, आमदाराला, इस्पितळाच्या विश्वस्ताला एकच प्रश्न विचारावा: रात्री पाळीला किती जणी?

त्या रात्री ओरडण्याऐवजी मी हे विचारायला हवे होते. ते मी आज आपल्यासमोर विचारतो आहे.