मास्तर, मिस्त्री आणि गुरू



खरा गुरू कोणता आणि नुसता शिकवणारा कोणता, या विषयावर बोलण्यास चालकांनी आम्हांस बोलाविले, तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत थोडा हशाच पिकला. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबलेले. पुढे जे काही वाचले ते दुसरी पाळी सुटल्यावर, उसन्या पुस्तकांतून. आणि कायदा शिकलो तो कामगारांच्या चार्जशीटना उत्तरे लिहिता लिहिता. अशा माणसाने गुरूवर बोलावे काय? आम्ही विचार केला, की ज्याला शिकवणारे मुबलक मिळाले त्यास कदाचित सगळे आठवणार नाहीत. आम्हांस थोडे मिळाले, म्हणून प्रत्येकाने काय दिले याचा हिशेब आम्ही ठेवून आहो. तेवढ्या भांडवलावर आज उभे आहो.

आरंभी शब्दांची थोडी गंमत सांगतो. इंग्रजांचा ‘मास्टर’ हा मोठा भारदस्त शब्द. धनी, मालक, हुन्नरात पारंगत असे त्याचे अर्थ. आमच्याकडे येऊन त्याचा मास्तर झाला. शाळेतला मास्तर, टपालाचा पोस्टमास्तर, आणि विजार आखूड शिवून देतो तोही मास्तरच. पोर्तुगिजांकडून तोच शब्द दुसऱ्या वाटेने आला आणि त्याचा मिस्त्री झाला. मूळ एक, पण नशीब वेगळे. मास्तर हा नेमणुकीने होतो. मिस्त्री मात्र कारखान्यात कोणी कोणास नेमून होत नाही. त्याच्या हाताखाली काम केलेली पोरे त्यास मिस्त्री किंवा उस्ताद म्हणू लागतात, तेव्हा तो होतो. यात शाळामास्तरांचा अधिक्षेप करण्याचा हेतू मुळीच नाही. ज्यांनी 1911 साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून कामगारांसाठी रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालविली, ते आमच्या चळवळीचे नामदार ना. म. जोशी आधी काही वर्षे शाळामास्तरच होते.

आता गुरूची गोष्ट काढावयाची तर या शहरातील माणसास लांब जावे लागत नाही. पंधरा किलोमीटरांवर देवगिरीचा किल्ला आहे. सोळाव्या शतकात तेथे जनार्दनस्वामी किल्ल्याचे अधिकारी होते, आणि पैठणचा एक पोरका मुलगा, आजोबांनी वाढविलेला, घरी न सांगता त्यांच्याकडे शिकण्यास आला. तो मुलगा म्हणजे एकनाथ. स्वामींच्या मानासाठी किल्ल्यावर गुरुवारी सुट्टी असे, असे परंपरा सांगते. (मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुट्टी मिळावयास 1890 साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना किती वर्षे झगडावे लागले हे आपण जाणता. असो.)

एका पईची गोष्ट आपण कीर्तनात ऐकली असेल. स्वामींनी एकनाथांकडे हिशेबाचे काम सोपविले होते. एके रात्री एका पईचा मेळ बसेना. एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, वह्या उलटसुलट चाळल्या, आणि पहाटेच्या सुमारास चूक सापडली तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजविली. स्वामी जागे झाले. एका पईसाठी एवढी एकाग्रता, मग ती ईश्वराकडे लागली तर काय होईल, असे काहीसे ते म्हणाले. कीर्तनकार येथे थांबतात आणि एकाग्रतेचा महिमा सांगतात. ते ठीकच आहे. पण आम्ही ही गोष्ट ऐकतो तेव्हा आमचे लक्ष दुसरीकडे जाते. पोर वह्यांशी झटत होते तेव्हा स्वामी काय करीत होते? ते झोपले होते! किल्ल्याचा हिशेब एका तरुण पोराच्या हाती देऊन किल्ल्याचा अधिकारी स्वस्थ झोपला. साधा शिकवणारा असता तर त्याने दर तासाला येऊन बेरीज पाहिली असती, किंवा ‘पई सोडून दे, उद्या मी पाहीन’ म्हटले असते. दोन्ही प्रकारांत पोर शिकले नसते. कारण चूक त्याची राहिली नसती.

आमच्या धंद्यात हे रोज दिसते. युनियनचे काम कोणास शिकवावयाचे तर आम्ही त्याच्या हाती भाषण देत नाही, पावतीपुस्तक देतो. दरमहा शे-दोनशे कामगारांची वर्गणी गोळा करावयाची, पाठपावत्या जुळवावयाच्या, आणि महिनाअखेर सभेपुढे आकडा वाचून दाखवावयाचा. दहा रुपये कमी आले तर कोणी पोलिसांत जात नाही. खिशातले घालून मेळ बसविणारे पुष्कळ भेटतात, आणि ते प्रामाणिकही असतात. पण जो खिशातले न घालता ती चुकलेली पावती शोधीत दोन घरी जाऊन येतो, त्याच्याकडे आम्ही पुढे वाटाघाटींचे काम देतो. मालकाच्या ताळेबंदात लपविलेला आकडा तोच शोधणार असतो.

एकनाथांच्या बाबतीत ती पई पुढे कोठे गेली पाहा. 1584 साली, म्हणजे शके 1506 मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षे हातोहात नकला होत आलेल्या. कोणी शब्द बदललेला, कोणी ओवी घुसडलेली. अनेक पोथ्या समोर ठेवून मूळचे कोणते आणि मागाहूनचे कोणते हे निवडावयाचे, आणि स्वतः एवढे मोठे कवी असून त्यात आपली एक ओवी मिसळावयाची नाही. हा त्याच रात्रीचा हिशेब आहे, फक्त वही बदलली. आणि या वेळी जागे होऊन पाहण्यास जनार्दनस्वामी जवळ नव्हते.

आणखी एक. परंपरेप्रमाणे स्वामींनीच या शिष्यास तीर्थयात्रेला बरोबर नेले, वाटेत त्याच्याकडून चतुःश्लोकी भागवतावर मराठीत लिहून घेतले, आणि मग त्यास पुढे एकट्यास पाठविले. यात्रेहून परतल्यावर पैठणातच राहावे, संसार करावा, अशी त्यांची पत्राने आज्ञा होती. एवढा गुणी शिष्य. त्यास किल्ल्यावरच ठेवून घेतले असते तर स्वामींचा केवढा मोठा मठ झाला असता! त्यांनी तो सोडून दिला. नाथ मात्र जन्मभर अभंगाच्या शेवटी आपल्या नावाबरोबर गुरूचे नाव गुंफीत राहिले. मागितले नव्हते, म्हणून ते दिले गेले असे आम्हांस वाटते.

याच्या उलट उदाहरण महाभारतात आहे. द्रोणाचार्य विद्येत थोर होते यात शंका नाही. पण ज्यास त्यांनी शिकविलेच नाही, त्या एकलव्याकडून त्यांनी उजव्या हाताचा अंगठा घेतला. आजवर पुष्कळ पंडितांनी या गोष्टीचे समर्थन केले आहे. आमच्या वाळूजच्या प्रेसशॉपमध्ये ते समर्थन चालत नाही, कारण अंगठा जातो म्हणजे काय होते हे तेथील माणसांस ठाऊक आहे. त्याकडे शेवटी येऊ.

या शहरात गुरुशिष्यांचे दुसरे एक मोठे स्मारक आहे. ते आपण रोज पाहतो, म्हणून त्याचा अर्थ सुटतो. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले, आणि 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. परिसराचे नाव नागसेनवन आणि महाविद्यालयाचे नाव मिलिंद. आता नागसेन हा भिक्षू, उत्तरे देणारा. आणि मिलिंद हा ग्रीक राजा, प्रश्न विचारणारा. कॉलेजाला नाव दिले आहे ते प्रश्न विचारणाऱ्याचे! ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा चर्चेस तयार होतो तेव्हा नागसेन अट घालतो: पंडित बोलतात तसे बोलणार असशील तर बोलू, राजे बोलतात तसे असेल तर नको. राजा विचारतो, दोन्हींत फरक काय? पंडित एकमेकांची चूक काढतात, कोंडीत पकडतात, सोडवतात, पण रागावत नाहीत. राजाचे म्हणणे कोणी खोडले तर तो शिक्षा फर्मावतो, असे उत्तर मिळते.

मित्रहो, मालकाबरोबरच्या वाटाघाटींच्या टेबलाशी आम्ही तीस वर्षे बसतो आहो. आम्हांस विचाराल तर कामगार कायद्याच्या कोणत्याही कलमाहून ही अट मोलाची आहे. आणि ती मालकास लावावयाची तशी आमच्या पुढाऱ्यांसही लावली पाहिजे. सभेत प्रश्न विचारणाऱ्यास ‘खाली बस’ म्हणणारा पुढारी आपण सर्वांनी पाहिला आहे. ‘साहेब आले की करार होतो’ अशी ज्याची ख्याती असते, त्याच्या पश्चात त्या युनियनचे काय होते तेही आपण पाहिले आहे. वीस वर्षांत ज्याने आपल्यावाचून वाटाघाट करू शकणारे चार कामगार तयार केले नाहीत, तो वक्ता असेल, लढवय्या असेल. त्यास गुरुस्थानी बसविण्याचे कारण नाही.

बाबासाहेबांनी स्वतः बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले यांना गुरू मानले. तिघांपैकी एकाच्याही समोर ते बसलेले नाहीत. जोतीराव 1890 च्या नोव्हेंबरात वारले आणि बाबासाहेब 1891 च्या एप्रिलात जन्मले. आमच्यासारख्या, वर्गाबाहेर शिकलेल्या माणसास हे फार धीर देणारे आहे.

मराठवाड्यातील आणखी एकाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण ना. म. जोशींच्या हाताखाली कामगारांचे काम करीत होता. 1929 साली तो हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवावयास आला, पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला, आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेला. 1938 साली शाळा सोडून ते निजामी राजवटीविरुद्ध सत्याग्रहात तुरुंगात गेले. त्यांनी वर्गात शिकविलेली पोरे मुक्तिसंग्रामात आली. ‘माझ्यामागे या’ असे सांगून पोरे येत नसतात. पाठ देणारा स्वतः उठून निघाला हे त्यांनी पाहिले होते.

आता प्रेसशॉप. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात, त्याचे नाव येथे घेत नाही, आम्ही उमेदवारीच्या काळात पॉवर प्रेसवर होतो. आमच्या मिस्त्रींनी पहिले तीन दिवस आम्हांस मशीनला हात लावू दिला नाही. डाय कशी बसते, पत्रा चिमट्याने कसा सारायचा, मशीनचा आवाज बदलला तर आधी काय बंद करायचे, एवढेच पाहावयाचे. बटणे दोन असतात, दोन्ही हात गुंतलेले असावेत म्हणून. काम लवकर उरकावे यासाठी एक बटण पट्टीने दाबून ठेवण्याची खोड सगळीकडे आहे. मिस्त्री ती पट्टी दिसली की काढून खिशात घालीत आणि पाळी संपल्यावर तिच्या मालकास परत देत, एक शब्द न बोलता. चौथ्या दिवशी त्यांनी आम्हांस मशीनपुढे उभे केले आणि स्वतः चहाला निघून गेले. त्या दिवशी आम्ही किती घाबरलो होतो ते काय सांगावे! पण दहाही बोटे शाबूत घेऊन आम्ही आज आपल्यापुढे उभे आहो.

तसे मिस्त्री आजही आहेत, पन्नाशीच्या पुढचे. त्यांच्यापाशी येणारे पोर मात्र बदलले. ते कंत्राटदारामार्फत येते, किंवा ‘ट्रेनी’ म्हणून येते, आणि काही महिन्यांनी ब्रेक देऊन घरी पाठविले जाते. 1961 चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. पण शिकवून झाल्यावर त्यास कामावर ठेवलेच पाहिजे असे बंधन तो मालकावर घालीत नाही. मग मिस्त्री म्हणतात, सहा महिन्यांनी जाणाऱ्या पोरास काय शिकवू? त्याचे नाव पाठ होण्याआधी ते जाते. आणि पोर म्हणते, येथे राहावयाचेच नाही तर शिकून काय करू? दोघांचेही बरोबर आहे. मग पोरास पहिल्याच दिवशी दोन तासांची फीत दाखवून प्रेसवर उभे करतात. शिकवण झाल्याची त्याची सही असते. बोट गेले तर चौकशीत ती सही पुढे येते. ईएसआयच्या दवाखान्यात अशी वीस-बावीस वर्षांची पोरे आम्ही पाहिली आहेत, उजव्या हातास मोठे पांढरे बँडेज बांधलेली. त्यांना शिकवणारा कोण होता हे विचारले तर नाव सांगता येत नाही.

म्हणून एका कारखान्यात या वेळच्या मागणीपत्रात आम्ही एक कलम घातले. पंधरा वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या कामगारास रोज एक तास, उत्पादनाचा आकडा न मोजता, नव्या माणसास शिकविण्यासाठी द्यावा. आणि त्या मिस्त्रीने ‘तयार आहे’ म्हणेपर्यंत त्या माणसास प्रेसवर एकटे उभे करू नये. व्यवस्थापनाने विचारले, हा तास कोणत्या खात्यावर मांडावयाचा? आमच्या शिष्टमंडळात तीस वर्षांचा एक तरुण होता, पूर्वी आमचाच पावतीवाला. तो म्हणाला, जखमी माणसाच्या भरपाईचा खर्च ज्या खात्यावर मांडता, त्याच खात्यावर मांडा. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. बोलण्याचे कारणही नव्हते. तीन बैठका झाल्या आहेत. एका तासाचे अर्ध्या तासावर आले आहे, आणि दुसऱ्या भागावर अद्याप सही व्हावयाची आहे. पुढच्या बैठकीस तोच तरुण जाणार आहे.