नोकरी बदलली आणि पत्ता गेला

बोदवडहून, घरूनच बोलतोय. मध्येच लाईट गेली तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी मी नोकरी बदलली. पगार, सुट्ट्या, सगळं विचारून घेतलं. एकच राहिलं. जुन्या कंपनीच्या वेबसाईटवर माझं पान होतं. कोड, चाचण्यांचा डेटा, सगळं तिथेच. खातं बंद झालं, पानही गेलं. मग एका विद्यार्थिनीचा मेल आला: सर, तुमच्या शोधनिबंधातली लिंक ४०४ दाखवते. डेटाची दुसरी पूर्ण प्रत माझ्याकडे नव्हती!

वेबमध्ये यावर सोय आहे, ३०१. ‘हे पान कायमचं तिकडे गेलंय’ असं जुना सर्व्हर सांगतो आणि ब्राउझर आपोआप नव्या जागी पोचतो. पण सांगायचं जुन्या सर्व्हरनेच, आणि त्याची चावी आता माझ्याकडे कुठली?

टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहिलं होतं की पुढे बदलेल असं काही पत्त्यात घालू नका. मी हे लोकांना शिकवलंय, बरं का. आणि माझ्याच पत्त्यात मालकाचं नाव! आमच्या आप्पांना लग्नपत्रिका येतात त्या नाव आणि ‘मु. पो. बोदवड’ एवढ्यावर. ते नोकरीला कुठे होते, हे त्यात नसतं.

आता स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलंय. त्याचे पैसे भरायला विसरलो तर तेही जाईल, म्हणून नवा डेटा सर्नच्या झेनोडोवर ठेवतो. तिथे डीओआय मिळतो.

त्या विद्यार्थिनीचं काम मात्र अडलंय. जुन्या लॅपटॉपवर अर्ध्या चाचण्या सापडल्या, उरलेल्या रात्री पुन्हा चालवतोय.